स्पेशल टीम

वेस्ट विंडसर, १८ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला आणि आईला इथूनच वाकून नमस्कार. थंडी वाढलीये, पण मी मजेत आहे. तुमचा गुडघा कसा आहे?

मी फुटबॉल क्लबच्या ‘स्पेशल टीम’चे व्हिडिओ तपासतो म्हणून तुम्ही सोसायटीत पेढे वाटलेत, असं आई म्हणाली. बाबा, हे स्पेशल चहासारखं स्पेशल नाही. इथला अमेरिकन फुटबॉल बहुतेक हातानेच खेळतात; क्वचित किक मारायची वेळ आली की ही पोरं मिनिटभर मैदानात येतात. तेवढ्यात लोक पॉपकॉर्न आणायला उठतात. हे मी तुम्हाला मुद्दामच सांगितलं नव्हतं.

रविवारी त्यातल्याच एकाने किकसाठी बॉल मागे देताना जरा उंच फेकला आणि हातातली मॅच गेली. त्याचं नाव लोकांना त्या दिवशी कळलं.

तुम्ही तीस वर्षं नाटकाचा पडदा ओढलात. कधी चुकला नाहीत, म्हणून तुमचं नाव कुणाला कळलंच नाही. शाळेत मी सांगायचो, बाबा नाटकात काम करतात. मुलं विचारायची, कसलं? मी म्हणायचो, राजाचं.

काल ऑफिसात एकाने विचारलं, वडील काय करायचे? म्हटलं, पडदा ओढायचे. माझ्या चाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा.

तुमचा,
शंतनू