सव्वाशे मीटर

हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर
९ मार्च २००४

प्रिय लक्ष्मीकांत,

घडलं ते आधी क्रमाने लिहिते. चुकलं असेल तिथे दुरुस्त कर.

१. संक्रांतीच्या दिवशी सकाळी तू चौकीवरून फोन केलास. जीपीएस अडकलं होतं, बटणं चालत नव्हती. मी सांगितलं तसं तू त्यातलं सगळं पुसून ते पुन्हा चालू केलंस.

२. डेटम, म्हणजे यंत्राचं नकाशाचं माप, परत ‘एव्हरेस्ट’ या जुन्या मापावर लाव, असं मी दोनदा सांगितलं. तू म्हणालास, ‘हो गं मास्तरीणबाई, आकडे तर येतायत.’ मग लाइन तुटली.

३. दोन दिवसांनी, बर्फात आणि धुक्यात, नायक तुकोजी ते यंत्र हातात धरून तुमच्या तुकडीच्या पुढे चालत होता.

४. वाट सव्वाशे मीटर चुकली. आपल्याच सुरुंगांच्या पट्ट्यात त्याचा उजवा पाय घोट्याच्या वरून गेला.

५. चौकशीच्या कागदात लिहिलं आहे की जवानाने स्वतःचं खाजगी उपकरण विनापरवानगी वापरलं. खाली साक्षीदार म्हणून तुझी सही आहे.

हे मला कसं कळलं, असं तू विचारशील. गेल्या शनिवारी उषाताई इथल्या ‘शिंदे की छावनी’ मोहल्ल्यातून आमच्याकडे आल्या. तुकोजीच्या आईला तू एकदाच भेटला आहेस, मी अनेकदा. तो सुट्टीवर येताना तुझी पत्रं आणायचा, तेव्हा बरोबर त्याही असायच्या. या वेळी त्यांच्या पिशवीत त्या कागदाची प्रत होती आणि रुमालात गुंडाळलेलं जीपीएस. तुकोजीचं सामान म्हणून पलटणीने ते घरी पाठवून दिलं. त्या म्हणाल्या, ‘बेटा, तू मशीनचं शिकलीयस ना? जरा देख, ह्याच्यात माझ्या पोराची काय गलती आहे.’

मी पाहिलं. मागचा क्रमांक माझ्या वॉरंटी कार्डावर आहे. साखरपुड्यात मुलाला घड्याळ द्यायचं सोडून हे काय, असं तुझ्या आईने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, तेच हे यंत्र. देण्याआधी एक आख्खा रविवार बसून मी ते तुमच्या नकाशांशी जुळवलं होतं. तुमचे नकाशे जुन्या मापाने काढलेले आणि यंत्र कारखान्यातून निघतं ते नव्या मापावर. नकाशावरचे आकडे जसेच्या तसे त्यात भरले तरी ते शंभर-सव्वाशे मीटर बाजूची जागा दाखवतं, आणि चुकतंय असं कुठेही सांगत नाही. आज ते कारखान्याच्याच मापावर आहे. आत सोळा जानेवारीला भरलेली वाट आहे. तिच्या ठिकाणांची नावं इंग्रजीत आहेत, आणि ‘सात’चं स्पेलिंग तू नेहमी करतोस तसंच चुकीचं आहे.

तुम्ही बाजारातली यंत्रं का वापरत होता, हेही मला ठाऊक आहे. दोन तुकड्या मोडून एक केली. जुन्या नावावरचं सामान उतरायचं आणि नव्या नावावर चढायचं, त्यात आठ महिने गेले. तेवढा काळ सरकारी यंत्रं पेटीत कुलूपबंद होती, आणि तुमचा हवालदार दिल्लीहून वॉकीटॉकी आणत होता, ते खेळण्यांच्या दुकानातून. फोनवर तू हे हसत हसत सांगायचास. मीही हसायचे, त्याची मला आता लाज वाटते. ज्यांनी पेटीवर कुलूप ठेवलं त्यांची नावं चौकशीत कुठेच नाहीत. ज्याच्या हातात यंत्र होतं त्याचं आहे. एवढी सोय तुम्हा सगळ्यांना कशी काय मानवली?

परवा तुझ्या वडिलांकडे गेले होते. गोविंदकाकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘शरयू, फौज के मामले में घरच्यांनी पडू नये. आणि तो पोरगा तरी कुठे काही बोलतोय?’ हे मात्र खरं आहे. तुकोजी बोलत नाही. लष्करी इस्पितळात पडल्या पडल्या त्याने आईला बजावलंय की साहेबांचं नाव घ्यायचं नाही, साहेबांनी दिलं, मी धरलं. त्याचे पणजोबा शिंद्यांच्या फौजेत होते आणि माझे दफ्तरात. तुझेही दफ्तरातच. कागद कोणी लिहायचा आणि चालायचं कोणी, हे इतक्या वर्षांत बदललं असेल असं मला वाटत होतं.

मी तुला भित्रा म्हणत नाही. त्या पट्ट्यात शिरून तुकोजीला पाठीवर घालून तूच बाहेर आणलंस, हे उषाताईंनीच सांगितलं. सांगताना त्यांनी हात जोडले होते. ज्याला तू सुरुंगांतून उचलून आणलंस, त्याच्याविरुद्ध पाच दिवसांनी कागदावर सही करून मोकळा झालास. पहिल्या गोष्टीला धैर्य लागलं असेल. दुसरीला फक्त पेन लागलं.

माझी चूकही लिहिते. लाइन तुटल्यावर मी पुन्हा फोन लावायला हवा होता. दोन दिवस होते. तुला राग येईल, मास्तरीणबाई म्हणून परत हसशील, म्हणून लावला नाही. हे मी माझ्या जबाबात लिहिलं आहे.

हो, जबाब. वकील महिपतराव यांच्याकडून तो काल लिहून घेतला. सोबत वॉरंटी कार्ड आहे, यंत्रातल्या नोंदी आहेत. तुकोजीवर ठपका राहिला तर ती सेवेतली जखम ठरणार नाही. त्याला नुसतं घरी पाठवतील, एका पायाने आणि बदनाम करून. चौकशी फेरविचारासाठी २५ तारखेला बसते आहे आणि माझा जबाब त्याआधी तिथे पोचेल. पण माझं सांगणं बाहेरच्या बाईचं सांगणं आहे, ते बाजूला सारता येईल. तुझं नाही येणार. ‘यंत्र माझं होतं’ आणि ‘वाट मी भरली’, ही दोन वाक्यं तू स्वतःच्या सहीने लिहावीस, एवढ्यासाठी हे पत्र आहे. लग्नाची तारीख बदलायला मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. काय ते मंगळवार, २३ मार्चपर्यंत मला लेखी कळव.

अजून तरी तुझीच,
शरयू