पाठाचा फोटो

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि तुमच्या वर्गातली ती भोचक मुलगी आता होणाऱ्या शिक्षकांना शिकवते. विषय ऐकून हसाल: मोबाइलवर सुरक्षित कसं राहायचं, तिथं नीट कसं वागायचं, हे मुलांना कसं शिकवावं. मी फळ्यावर ठळक लिहिते, 'विचारल्याशिवाय कुणाचा फोटो टाकू नये.' तास संपला की त्याच विद्यार्थिनींना शाळांत पाठ घ्यायला पाठवते आणि पुरावा म्हणून ग्रुपवर फोटो मागते, मुलांचे चेहरे दिसतील असा. वरून मागतात, म्हणून मी खाली मागते.

सोमवारी भवानी पेठेतल्या एका शाळेत माझ्या एका विद्यार्थिनीचा पाठ होता, नेमका याच विषयावर. फोटो येईना, तेव्हा मी ग्रुपवर खडसावलं, 'फोटो नसेल तर पाठ धरणार नाही.' तिनं बिचारीनं टाकला. पुढच्या बाकावर सातवीतली एक मुलगी, खळखळून हसताना. ग्रुपमधल्या कुणीतरी तो स्टेटसला ठेवला आणि संध्याकाळपर्यंत तो मुलीच्या गल्लीत पोचला, खाली नाही नाही ते लिहून. काल तिचे वडील कॉलेजात आले. आवाज चढवला नाही त्यांनी. "मॅडम, पोरगी शाळेला जात न्हाय म्हनतीया. तुमी शिकवताय तरी काय ह्यांना?"

तुमच्या वर्गात एकदा मैत्रिणीच्या दप्तरातली चिठ्ठी मी मोठ्यानं वाचून दाखवली होती. सगळा वर्ग खिदळला. तुम्ही मारलं नाहीत. "चिठ्ठी तुझी होती का गं? मग उभी राहा आणि सगळ्यांपुढं सांग, मी वाचली म्हणून." मी उभी राहून सांगितलं. डबा खाताना तुम्ही तुमच्यातली शेंगाचटणी माझ्या भाकरीवर वाढलीत.

आज प्राचार्यांनी माझ्याकडे लेखी अहवाल मागितलाय: फोटो कुणी टाकला आणि का. खरं लिहावं तर माझी नोकरी कंत्राटी, खोटं लिहावं तर त्या विद्यार्थिनीचं वर्ष जातं. दोन्हीकडून कोंडी झालीय, बाई, कुठं हलायला जागा नाही. दुपारी तीच दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, तुमी फोटो मागितलेला, हे मी न्हाय सांगनार. काळजी करू नका की." तिच्याकडे मला बघवेना.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? वहीतच राहील. अहवाल अजून कोराच आहे. पण ती दारात यायच्या आधीच, बाई, ग्रुपवरचा माझा तो मेसेज मी डिलीट केला होता.