शेवटी बाई मरते

गुरुवार, १३ मार्च १९९७. जेवणानंतर.

मिलानमध्ये दोन वर्षं काढली, आणि या घरात डोकं असलेला माणूस एकच आहे हे आज परत सिद्ध झालं.

नाउएलची आई अर्जेंटिनातल्या रोसारिओहून आली आहे. नेलिदामावशी. आज आठवा दिवस. तेव्हापासून घडीच्या पलंगावर ती आणि स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी मी. तक्रार नाही. फ्रीज रात्रभर गुरगुरतो, एवढी नोंद फक्त. रविवारी तिचं विमान.

आज जेवताना मावशी सांगत होती. तिचे वडील मूळचे इकडचेच, जेनोवाचे. रेडिओवर ऑपेरा लागायचा आणि ही लोकांचे शर्ट इस्त्री करत बसायची. तसे कितीतरी ऑपेरे पाठ झाले, पण थिएटर आतून कसं असतं ते कधी बघितलं नाही. नाउएल खाली ताटात बघत बसला. चार वर्षं पिझ्झाच्या भट्टीसमोर उभा आहे हा, आणि आईला एक ऑपेरा दाखवता येत नाही. असली मुलं काय कामाची.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं, परवा शनिवारी जायचं. चौघांनी. मनात आलं की करायचं, हा माझा स्वभाव. प्लॅनिंग स्विस लोकांनी करावं.

चौथा म्हणजे स्ताथिस. ग्रीक. कमी बोलतो, बोलतो ते टोचून. म्हणाला, तिकिटं सहा महिने आधी संपतात. मी म्हणालो, वर गॅलरीत उभ्याची तिकिटं त्याच दिवशी मिळतात, माझ्यावर सोडा. तो म्हणाला, मागे गॅसवाल्याला दार उघडायचं काम तुझ्यावर सोडलं होतं, आठवडाभर गार पाण्याने आंघोळ केली आम्ही.

दुर्लक्ष केलं. माझे आजोबाही जेनोवाचे. ऑपेरा आमच्या रक्तात आहे. अजून एकही ऐकलेला नाही, पण रक्तातली गोष्ट ऐकावी लागत नाही.

मावशीने विचारलं, शनिवारी कोणता आहे रे? मी म्हणालो, कोणताही असो मावशी, शेवटी बाई मरते. ती हसली. इंप्रेस झाली असावी.

संकल्प: उद्या पहाटे साडेपाचला उठणे.

शुक्रवार, १४ मार्च. सकाळी ११.

आठला उठलो. साडेपाचच्या मानाने वाईट नाही.

थिएटरच्या कमानीखाली गेलो तर तिथे एक म्हातारी. सिन्योरा पिरोव्हानो. सत्तरीच्या पुढची, डोक्यावर फरची टोपी, गळ्यात दोरीने बांधलेली पेन्सिल, हातात चौकटीची वही. थिएटरची नोकर नाही, कोणी नाही. गॅलरीत उभे राहणारे जुने लोक आपसात ही यादी चालवतात म्हणे, आणि तिकीट-खिडकीवर याच यादीने सोडतात. शंभर नावं. आज संध्याकाळी सहाला हजेरी, उद्या नऊला, एकला आणि शेवटची पाचला. नाव पुकारलं की "हजर" म्हणायचं. आवाज आला नाही की नावावर काट. पाचला हजर असेल त्याला तिकीट. एका नावाला एक.

म्हणजे उद्या मनात येईल तसं मजेत ऑपेराला जायचं तर दोन दिवस शाळेसारखी हजेरी द्यायची. या लोकांना उत्स्फूर्तपणा म्हणजे काय ते कळत नाही.

माझा नंबर नव्व्याण्णव. मी म्हणालो, चार नावं लिहा. ती म्हणाली, तुम्हाला डोकी किती? मी हसलो. या वयाच्या बायकांना माझं हसणं आवडतं. ती म्हणाली, तोंड मिटा, वारा लागेल. माझ्यामागे एक पाद्री होता, त्याच्यावर यादी भरली.

तर सध्या एक आहे. उरलेली तीन उद्यापर्यंत म्हातारीकडून गोडीगुलाबीने काढायची. घरी सांगितलं, चारही जवळजवळ हातात आहेत. नाउएलने शनिवारची ड्यूटी बदलून घेतली. त्याचा मालक फोनवर असा ओरडला की जिन्यात ऐकू आलं. स्ताथिसनेही रजा टाकली. बघा, माझ्यावर विश्वास आहे.

मावशीने मात्र भंडावून सोडलं. कुठे उभं राहायचं, किती वाजता, काय म्हणायचं. तासभर समजावलं. शेवटी पावाच्या पिशवीवर नकाशा काढून वेळा लिहून दिल्या. म्हटलं, तुम्ही कशाला त्रास घेता, मी आहे ना. ती म्हणाली, हो रे पोरा, तू आहेस ना. पिशवी घडी करून पर्समध्ये ठेवली. म्हातारी माणसं काहीही साठवतात.

त्याच दिवशी. संध्याकाळी ८.

सहाच्या हजेरीचं जमलं नाही. कारण सबळ आहे. वाटेतल्या कालव्याचं पाणी साफसफाईसाठी सोडून दिलंय आणि चिखलातून दोन माणसं एक स्कूटर ओढत होती. दोघंही चुकीच्या बाजूने. मी वरून सूचना दिल्या. एकाने वर बघून विचारलं, उतरतोस का खाली, का नुसतं तोंडच आहे? असल्या लोकांचं भलं करू नये. स्कूटर निघाली तेव्हा सव्वासात.

काळजी नाही. पहिली हजेरी नावापुरतीच असते.

घरी आलो तर मावशी नुकतीच आलेली, नाक लाल. म्हणाली, पाय मोकळे करायला गेले होते. एवढ्या थंडीत. आणि नाउएलला पत्ता नाही.

तिने उद्याचा निळा ड्रेस तिसऱ्यांदा इस्त्री करून स्वयंपाकघराच्या दाराला अडकवलाय. माझ्या डोक्यावर. डांबरगोळ्यांच्या वासाने झोप येणार नाही. हीसुद्धा तक्रार नाही.

शनिवार, १५ मार्च. सकाळी १०.

गजर वाजला. स्ताथिस म्हणतो दहा मिनिटं वाजला, तुझ्या कानाशी. मग बंद कोणी करायचा? उठवायचं कोणी? यांना ऑपेरा बघायचाय आणि माझ्यासाठी एक बोट हलवायचं नाही.

मावशी पुन्हा फिरायला गेली. माझ्यासाठी पाव आणि चीज झाकून ठेवलं होतं. चीज कमी.

दुपारी ३.

एकच्या हजेरीला वेळेत निघालो होतो. याची नोंद व्हावी.

वाटेत त्रिएस्तेचा एक माणूस भेटला, व्हॅनवाला. त्याला जोडीदार हवाय, ऑलिव्हची पिंपं पोचवायला. पाहिलं की ओळखतो म्हणाला, तू घरात बसणारा नाहीस. दोन वर्षांत मला ओळखणारा हा पहिलाच. गाडी चालवता येते का विचारलं. म्हटलं, तत्त्वतः. रात्री नऊला थिएटरसमोरच्या चौकात ये म्हणाला, पक्कं करू.

आता पाचला जाऊन म्हातारीला स्पष्ट सांगणार, तीन हजेऱ्यांसाठी माणसाची किंमत ठरवू नका.

संध्याकाळी ६.

उभ्यानेच लिहितोय. रागाने.

पाचला पोचलो. म्हातारी नावं वाचत होती. मी भाषण तयार करून उभा. आणि ती म्हणाली, "नव्व्याण्णव, त्राव्हेर्सो." काट नाहीच. माझं हसणं वाया गेलं नव्हतं. मी ठणकावून म्हणालो, "हजर."

त्याच क्षणी खांबाजवळून दुसरा आवाज आला, "हजर." नेलिदामावशी. निळ्या ड्रेसवर कोट घालून.

तर पाय मोकळे करण्याचं प्रकरण हे होतं. तिन्ही हजेऱ्यांना माझ्या नावाने ही बाई "हजर" म्हणत उभी. आजूबाजूचे लोक तिला ओळखत होते. पाद्र्याने तिला बसायला स्वतःची घडीची खुर्ची दिली होती.

सिन्योरा पिरोव्हानोने चष्मा काढून पुसला. म्हणाली, एका नावाला दोन माणसं हजर आहेत. मला नियमाने एकच दिसतं. त्यातलं एक गप्प बसलं तर यादीला काही अडचण नाही. आणि माझ्याकडे बघत राहिली. सगळेच बघत राहिले. पाद्रीसुद्धा.

मी गप्प बसणाऱ्यांतला नाही. पासपोर्ट काढून दाखवला. त्राव्हेर्सो, एसेकिएल. मावशी लगेच म्हणाली, त्याचंच नाव आहे हो, द्या त्याला. आणि खुर्ची घडी करून पाद्र्याला परत दिली.

देता आलं असतं मी तिला तिकीट. पण विचार केला. तीन तास उभं राहायचं, त्यात तिचे गुडघे. आणि घरातलं कोणीतरी जाणं महत्त्वाचं, कोण ते नाही.

म्हातारीने तिकीट-खिडकीची चिठ्ठी देताना विचारलं, आई का तुमची? मी म्हणालो, छे. ती म्हणाली, बरं झालं.

इतक्यात नाउएल आणि स्ताथिस आले, इस्त्रीचे शर्ट घालून, भांग पाडून. मी चिठ्ठी दाखवली, एकाच तिकिटाची. सिस्टिम समजावून सांगितली. स्ताथिस म्हणाला, रक्तातच आहे याच्या. नाउएल आईचा हात धरून सूप प्यायला घेऊन गेला.

राग मला यायला हवा. दोन दिवस धावपळ कोणी केली?

रविवार, १६ मार्च. सकाळी ११.

कालचा ऑपेरा उत्तम झाला.

जागा खांबामागे होती. अर्धा वाजवणारा आणि पाऊण पडदा दिसत होता. शेजारचे लोक पुस्तकात बघून ऐकत होते आणि मी हाललो की "श्श्" करत होते. मध्यंतरात व्हॅनवाल्यासाठी खाली उतरलो. नऊपासून दहापर्यंत चौकात थांबलो. आला नाही, त्रिएस्तेची माणसं अशीच. परत गेलो तर दारं बंद. दारावरच्या माणसाला पासपोर्ट दाखवला. तो म्हणाला, छान फोटो आहे.

महत्त्वाचा भाग तेवढ्यात पाहून झाला होता.

आज मावशी सामान भरत होती. नाउएल माझ्याशी बोलत नाही. स्ताथिस भांडी घासत होता. मावशी म्हणाली, ये पोरा, सांग तरी, शेवट कसा केला त्यांनी?

तिला वाईट वाटू नये म्हणून मी नीट सांगितलं. बाई कशी पडली, तो कसा धावत आला, तिने हात कसा वर केला, थिएटरात कसा एक माणूस खोकला नाही. माझ्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं.

मावशीने निळा ड्रेस घडी घालून सगळ्यात वर ठेवला. मग म्हणाली, त्यात कोणी मरत नाही रे. लग्न होतं.

मी म्हणालो, हल्ली बदलतात.

ती म्हणाली, हो का. बॅग लागेना, म्हणून बॅगेवर बसली, आणि बसल्या बसल्या तो शेवट म्हणून दाखवला. हळू आवाजात, बाईचं, नवऱ्याचं आणि मागच्या सगळ्या लोकांचं, एकटीनेच. स्ताथिसने नळ बंद केला. नाउएल दारात उभा राहिला.

मीही ऐकलं. नाही मरत.

दुपारी १.

ती गेली. नाउएल विमानतळावर सोडायला गेलाय. जाताना एवढंच म्हणाला, सहाला येतो, तेव्हा तू इथे नसशील.

संकल्प: पाचच्या आत, ताठ मानेने निघणे. स्वतःच्या मर्जीने.

संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटं. बाथरूम.

मोजे वाळत घातले होते, ते वाळेपर्यंत फ्रीज उघडला. मावशी माझ्या नावाने भाजी झाकून ठेवून गेली होती. ती खाल्ली. मग जरा डोळा लागला.

किल्लीचा आवाज आला. मी इथे आत येऊन कडी लावली. नाउएल पॅसेजमध्ये उभा आहे. एरवी मला एसे म्हणतो.

आत्ता म्हणाला, "त्राव्हेर्सो."

परत म्हणाला.

मी गप्प बसलो.