हेवी लोडला ७६

५ डिसेंबर, सकाळी ६
काल ट्रक पुन्हा चढाला उभा राहिला. वर ऊस, खाली वाफ, मागं रांग. ऊसतोड टोळीचा मुकादम केरबा म्हणाला, मालक, ऊस वाळतोय, आजून एकदा गाडी उभारली तर टोळी शिवमूर्तीच्या ट्रकवर जाणार. टोळी गेली की माझा सीझन संपला. त्यामुळे विषय आजपासून शास्त्रीय पद्धतीनं हाती घेतला आहे.

दोष थर्मोस्टॅटचा. पाणी किती तापल्यावर रेडिएटरकडं सोडायचं हे तो ठरवतो. आमचा ८२ डिग्रीचा. एवढं तापेपर्यंत वाट कशाला बघायची? ७१ चा घालायचा. आकाराम मिस्त्री म्हणाला, कंपनीनं इचार करूनच ८२ घातला आसंल की. कंपनीनं उसाचा चढ बघितलाय का?

५ डिसेंबर, दुपारी
मंडळाचा उपाध्यक्ष झाल्याचा, माझ्या हसऱ्या फोटोचा फ्लेक्स ट्रकच्या समोरच्या जाळीवर सैल झाला होता. चारी बाजूंनी आवळून बांधला. गेल्या आठवड्यापासून उचगाव ते कुरुंदवाड सगळे बघतात.

७ डिसेंबर
७१ बसवला. सकाळी इंजिन गरमच होईना. गल्लीभर धूर. बायको संयोगिता म्हणाली, धुतलेली चादर मी परत धुवायची का तुम्ही धुताय? मी धुतली. संशोधनात हे चालायचंच.

८ डिसेंबर
चढाला तापमानाचा काटा लाल. पण गाडी उभी राहिली नाही, मी थांबवली. चार वेळा, चहासाठी. केरबा म्हणाला, एवढा चा लग्नात बी मिळत न्हाय.

९ डिसेंबर
निष्कर्ष: ७१ सुद्धा जास्त. थर्मोस्टॅट काढूनच टाकायला सांगितला. आकारामनं हात जोडले. मी तो आदर समजलो.

१० डिसेंबर
डिझेल पाण्यासारखं गेलं. काटा तरीही लाल. आज पाच चहा. रात्री झोप नाही; चहामुळेच.

१२ डिसेंबर
सुवर्णमध्य काढला: ७६. आणि आज कमाल झाली. भरल्या गाडीत काटा मधोमध. चढ एका दमात.

एकच गालबोट. सकाळी गाडी भरायच्या आधीच टोळीतल्या शालूबाईनं माझा फ्लेक्स सोडून, नातवंडाला सावली म्हणून उसाच्या फडात बांधला. मी बोललो तर म्हणाली, तुमी हितंबी हसतायच की. सोडून दिलं. यशस्वी माणसानं क्षमाशील असावं.

वाहतूकदारांच्या ग्रुपवर टाकलं: हेवी लोडला ७६. शिवमूर्तीनं अंगठा दाखवला. जळतोय.

१३ डिसेंबर
नवा फ्लेक्स छापून जाळीवर बांधला. पहिल्यापेक्षा मोठा. 'थर्मोस्टॅट तज्ज्ञ' हा शब्द घालायचा की नाही यावर तासभर विचार केला. घातला.

१५ डिसेंबर
उभा राहिला. चढाच्या मधोमध, चहाचं दुकानसुद्धा नाही तिथं. मी सांगितलं, ७६ ला जम बसायला वेळ लागतो. केरबा खाली उतरला. कोयत्यानं दोऱ्या कापल्या, फ्लेक्स गुंडाळून माझ्या हातात दिला, इंजिन थंड झाल्यावर पाणी भरलं. नंतर कारखान्यापर्यंत काटा हलला नाही. उतरताना म्हणाला, वारंच लागत न्हवतं वो तिला.

रोज गाडीसमोर उभा राहून मी जाळीकडं बघत होतो. पण जाळी कुठं, मी मलाच बघत होतो.

१६ डिसेंबर
टोळी शिवमूर्तीकडं गेली. मी फडावर जाऊन म्हटलं, आता कारण सापडलंय. केरबा म्हणाला, सापडलं हे बरंच झालं, पर शब्द दिलाय मालक, फुडच्या वर्षी बघू. शिवमूर्तीनं मला चहा विचारला. नको म्हटलं. फार वाईट वाटलं.

१८ डिसेंबर
आकारामनं ८२ चा परत बसवला. ट्रायल म्हणून नृसिंहवाडीपर्यंत जाऊन आलो. काटा जागचा हलला नाही, धूर नाही, इंजिनचा आवाज एकदम गोड. घरी आलो तर संयोगितानं विचारलं, गाडीत काय भरलंतं? काही नाही म्हटलं, आणि चादर वाळत घालायला तिला मदत केली.