सातव्या कॅसेटमधला खोकला

३ मार्च
नाही लिहिणार! बाबांच्या गिटारवादनाच्या जुन्या कॅसेटींतून निवडक आठ रचनांची सीडी निघते आहे, आणि तिच्या मागचे टिपण मी लिहावे असा त्यांचा हुकूम सुटला. "बोर्डात आलेली तू, तुझं मराठी चांगलं. संगीतावरचं आयुष्यभराचं प्रेम, असं काहीतरी लिहून टाक."

काहीतरी!

त्या प्रेमाखातर आमच्या घरात दर रविवारी दुपारी संचारबंदी असे. बाबा मागच्या खोलीत एकटे, समोर टेपरेकॉर्डर. पंखे बंद, नळ बंद, कुकर गॅसवरून उतरवलेला. आई स्वयंपाकघरात. मी दाराबाहेर – हाताची घडी, तोंडावर बोट. पान उलटले तर आवाज होतो, म्हणून तासभर पुस्तकाचे एकच पान वाचायचे. पाठांतराची बक्षिसे मला उगाच नाही मिळाली. पाहुणे म्हणत, "किती शांत मुलगी!" शांत नव्हते मी. मला गप्प केले होते.

४ मार्च
दिवसभर बाबांशी बोलले नाही. त्यांच्या लक्षातही आले नाही.

७ मार्च
सातव्या कॅसेटचा विषय आज जेवताना निघालाच.

मी तेव्हा नऊ वर्षांची. सर्दीने बेजार, म्हणून तोंडात टॉवेलचा बोळा कोंबून बसले होते. वादन संपले, दार उघडले आणि बाबा माझ्यावर कडाडले, "नासवलंस! असं पुन्हा वाजणार नाही माझ्याकडून." मधेच खोकला आला होता म्हणे. खोकल्याचे मला आठवत नव्हते. पण घरात सर्दी फक्त मला होती. आणखी कोणाचा असणार? मी मान खाली घातली. आईने माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि आत निघून गेली.

पुढच्या रविवारी बाबांनी तीच रचना पुन्हा वाजवली. तेव्हा मी श्वासही मोजून घेतला.

११ मार्च
स्टुडिओत जावे लागले. बाबांच्या डाव्या हाताची दोन बोटे आता वळत नाहीत, त्यामुळे नव्याने वाजवणे संपले. आहे त्यातूनच निवडायचे. "सातवीचं तूच ठरव," म्हणाले. "तुझ्यामुळेच दोनदा वाजवावी लागली ना!" आणि हसले. अंगाचा तिळपापड झाला.

दोन्ही ऐकल्या. दुसरी स्वच्छ, चोख आणि निर्जीव – माझ्या बक्षीसपात्र निबंधांसारखी. पहिलीत बाबा घाई करतात, एका ठिकाणी बोट घसरते, आणि तरीही त्या साडेचार मिनिटांत त्यांनी जीव ओतला आहे. म्हणजे 'असं पुन्हा वाजणार नाही' हे तेव्हा ते खरेच बोलले होते! याचाच अधिक संताप आला. ज्या माणसावर रागवायचे, त्याने इतके सुंदर वाजवू नये.

बाबा चहाला बाहेर गेले. ध्वनिमुद्रक म्हणाला, "ताई, खोकला काढता येईल. पण त्याच्याबरोबर खालचे दोन सूरही जातील." त्याने तेवढाच तुकडा पुन्हा लावला. "कोण खोकलंय? घरातलं मोठं कोणी दिसतंय."

मी पाच वेळा ऐकला. एकच खोकला – कोरडा, ठणठणीत. सर्दी झालेल्या लहान मुलीचा तो नव्हे.

१२ मार्च
आई वाटाणे सोलत होती. विचारले.

मान वर न करता म्हणाली, "माझाच." मग आणखी एक शेंग फोडून, "आणि आपोआप आला नव्हता तो."

"मग तेव्हा बोलली का नाहीस? बोलणी मी खाल्ली!"

"बोलायची सवय कुठे उरली होती या घरात?"

चौदा वर्षे! मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा, भिंतीपलीकडे जाईल इतक्या मोठ्याने. मग तीही ओरडली. बाबा दाराशी येऊन उभे राहिले. आम्ही दोघीही थांबलो नाही.

१३ मार्च
टिपण दिले. खोकल्याला हात लावायचा नाही, हेही ध्वनिमुद्रकाला बजावले. एवढेच लिहिले आहे:

गिटार – बाबा. खोकला – आई. शांतता – मी.