बसलं म्हणजे चालतं

गुरुवार, ता. ९
जुना पॉवर सप्लाय नव्या ग्राफिक्स कार्डाला पुरणार नाही. कॉम्प्युटरवाल्याने फोनवर पक्कं सांगितलं. मी हे आधीच ओळखलं होतं. फक्त कार्ड घेतल्यावर ओळखलं.
म्हणजे पॉवर सप्लायही नवा. हरकत नाही. गेम खेळायचं हे मशीन लग्नाआधी मी स्वतः जुळवलंय. आतला एकेक स्क्रू ओळखीचा आहे.
बायको सकाळीच बहिणीकडे गेली. रविवारी येईल. ती बागांचे नकाशे काढते. शाळेच्या मैदानाचं तिचं वर्षभराचं काम याच मशीनवर आहे आणि सोमवारी ते शाळेच्या समितीपुढे ठेवायचंय. निघताना म्हणाली, मी येईपर्यंत त्या डब्याला हात लावू नकोस. आणि लावशीलच, तर आधी बॅकअप घे.
‘लावशीलच’ म्हणाली, म्हणजे परवानगी आहे.

शुक्रवार, ता. १०, सकाळ
बॅकअप नंतर घ्यायचं ठरवलं. विचारपूर्वक. जुन्या मशीनवर कॉपी रखडत होते. नवं झालं की चुटकीसरशी होईल. घाई करणाऱ्यांना हे सुचत नाही.
बाजूचं झाकण काढलं. आई डोकावली. म्हणाली, एवढ्या धुळीत उशी भरून निघेल. मग म्हणाली, तुझ्या वडिलांनीही असाच मिक्सर उघडला होता. तो अजून पत्र्याच्या डब्यात आहे.
तुलना चुकीची आहे. वडिलांनी व्हिडिओ पाहिले नव्हते.
तरी पहिला स्क्रू काढताना हातातून दोनदा पडला. पंख्याचा वारा असावा.

शुक्रवार, दुपार
पॉवर सप्लाय बसला. खोक्यात नव्या केबल्सची पिशवी होती. मदरबोर्डची आणि कार्डाची केबल नवी लावली. डिस्कची मात्र जुनीच ठेवली. ती मी त्या काळी मागच्या पत्र्याआडून अशी काही बांधली होती की फोटो काढून मित्रांना पाठवला होता. असं काम आता होत नाही. सोडवायला जीव झाला नाही.
जुन्या केबलचं टोक नव्या सप्लायमध्ये खट्कन बसलं. बसलं म्हणजे चालतं. नाहीतर आकार सारखा कशाला ठेवतील?

शुक्रवार, चहानंतर
बटण दाबलं. पंखे फिरले. कार्डाचे दिवे लागले. काय देखणं दिसत होतं!
मग टिक् असा आवाज. मग वास. नव्या वस्तूला वास येतोच.
स्क्रीनवर आलं, डिस्क सापडत नाही.
आईने स्वयंपाकघरातून विचारलं, काय जळलं रे? म्हटलं, काही नाही, दिवे तपासतोय. ती म्हणाली, तुझे वडीलही हेच म्हणाले होते.
मशीन थकलं असेल. सकाळी बघू.

शनिवार, ता. ११, सकाळ
ते थकलेलं नाही. डिस्क कानाशी धरली. गप्प. थोपटली. गप्प.
बायकोचा फोन. मशीन कसं आहे, विचारलं. म्हटलं, शांत आहे. हे खोटं नाही.

शनिवार, दुपार
डिस्क रुमालात गुंडाळून कॉम्प्युटरवाल्याकडे नेली. म्हटलं, एका मित्राची आहे. त्याने पहिलंच विचारलं, मित्राने केबल जुनीच ठेवली का? डिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण सप्लायकडचं ज्याचं त्याचं वेगळं. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले.
आतलं काही निघेल का, विचारलं. त्याने डिस्क हुंगली, परत रुमालात ठेवली आणि विचारलं, मित्राचं लग्न झालंय का?

शनिवार, संध्याकाळ
खचायचं नाही. मैदानाचा नकाशा मी तिच्या खांद्यावरून अनेकदा पाहिलाय. आठवून पुन्हा काढायला घेतला. चौकोन उत्तम जमला. आत झाडं होती. बहुतेक घसरगुंडीही होती. तिची वर्षाची मेहनत आणि माझा एक चौकोन.
जेवण ताटात तसंच राहिलं. आईने ताट झाकून ठेवलं. हे जास्त वाईट.

रविवार, ता. १२
सकाळपासून लिफ्ट वाजली की उभा राहतो. काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं. वीजपुरवठ्यावर ढकलत होतो, पण आरशालाही पटेना.
ती आली. बॅग ठेवली, उघडं मशीन पाहिलं. मी सगळं एका दमात सांगितलं, मित्रासकट. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, कार्डाचं खोकं घरात आलं त्याच दिवशी मी माझं सगळं काम कॉपी करून घेतलं. बहिणीच्या लॅपटॉपवर काम पूर्ण करायलाच तर गेले होते. आईंना सांगून गेले होते.
मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, तू विचारलंस कुठे?
मग बायकोने विचारलं, तुझं काय काय होतं त्यात? लग्नाआधीपासूनचे सगळे खेळ, अर्ध्यावर सोडलेले. म्हटलं, विशेष काही नाही.
डिस्क आईने मिक्सरच्या डब्यात ठेवली. म्हणाली, जागा होतीच.
उद्या समितीकडून आल्यावर बायको मशीन स्वतः उघडणार आहे, नव्या डिस्कसाठी, नव्या केबलने. मला फक्त टॉर्च धरायचाय. आत्ताच सेल बदलून ठेवले. एक नवा होता, एक जुना रिमोटमधला. दोन्ही बसले. म्हणजे चालतील.