श्री. वामनराव घाटोळे यांना माझ्या खुर्चीवरून उठवून सतरंजीवर बसविणेबाबत

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
महानगरपालिका झोन कार्यालय, नागपूर.

विषय : वरीलप्रमाणे, विनाविलंब.
संदर्भ : बगीच्यातील फलक, ‘खुर्चीवर योग होत नाही. हुकुमावरून.’

महोदय,

सविनय सादर की, मी सक्करदरा तलावामागच्या ले-आउटमध्ये राहते. माझ्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. गुडघा खुर्चीत बसण्यापुरता वाकतो, मांडी घालणे विसरा. हालचाल थांबली तर आहे तेवढेही वाकणे जाईल, असे डॉक्टरांनी बजावले. म्हणून मी बगीच्यातील सकाळच्या योगवर्गाला घरची लाकडी खुर्ची नेऊन ठेवली.

वर्गप्रमुख श्री. घाटोळे यांना ते खपले नाही. “काहून बसत नाही वं खाली? गुडघ्याले काही नाही झालं, आळस भरला तुह्या अंगात,” असे ते चारचौघांत म्हणाले. मला ‘वं’ म्हणण्याचा अधिकार फक्त माझ्या थोरल्या जावेला होता, ती वारली. दुसऱ्या दिवशी वरील फलक लागला. रविवारी तर्री-पोह्यांची पंगत सतरंजीवर बसली आणि मी फाटकाजवळ उभ्याने खाल्ले. तर्री मीच करून नेली होती. त्यानंतर मी वर्ग सोडला. खुर्ची चौकीदाराकडे राहिली. आता ऑटोत बसताना मला पाय हाताने उचलून आत घ्यावा लागतो, याला जबाबदार श्री. घाटोळे आहेत.

देव सगळे पाहतो, पण गेल्या महिन्यात त्याने मनापासून पाहिले. योगदिनी श्री. घाटोळे पाहुण्यांसमोर वज्रासनात बसले ते उठलेच नाहीत. चौघांनी उचलले. एक्स-रेमध्ये माझ्यासारखीच झीज निघाली. मला अतिशय आनंद झाला. पेढे वाटणार होते, सुनेने अडवले.

इथवर मी अर्ज केला नसता. परंतु हे गृहस्थ आता माझ्याच खुर्चीवर बसून शिकवतात. पाठीमागे तोच फलक, शेजारी नवे बॅनर : ‘खुर्चीयोग, प्रणेते वामनराव घाटोळे’. मी परत येऊ का, असे वर्गातल्या एकाला विचारले तर उत्तर मिळाले, “एकच तं खुर्ची आहे बाई, ते गुरुजीले लागते.”

सबब विनंती की, फलक काढू नये, पाळावा. येत्या रविवारी श्री. घाटोळे यांना सतरंजीवर बसवावे. पाय लांब करून बसले तरी माझी हरकत नाही. पोहे वाढावेत. तर्री मी करीन, तिखटाची काळजी आपण करू नये. नंतर सर्वांनी आपापल्या घरी जावे.

असे गुडघे घेऊन जमिनीवरून उठण्याची एकच रीत आहे. समोर खुर्ची ठेवायची, तिच्या बैठकीवर दोन्ही हात टेकायचे आणि अंग वर ओढायचे. खुर्ची त्यांच्या समोरच ठेवली जाईल, याची हमी मी देते. तिच्यावर मी बसलेली असेन.

आपली नम्र (केवळ आपल्यापुरती),
चारुशीला वैरागडे
दि. १८ जुलै २०२५

सोबत : १) माझ्या गुडघ्यांचा एक्स-रे. २) खुर्चीचा फोटो. वर बसलेल्या इसमाकडे दुर्लक्ष करावे.